झुलाल मास्तरनं वाढवलेली दोन वर्षं

धरणगावपासून दोन कोसांवर, कापसाच्या काळ्या शिवारात झुलाल मास्तरची शाळा. मास्तर पोरांना मारायचा कमी, ओरडायचा जास्त. गावात कुणाचं पत्र आलं की वाचायला मास्तर, कुणाचा अर्ज असला की लिहायला मास्तर. कागदाच्या बाबतीत गाव त्याच्या शब्दाबाहेर नव्हतं.

सत्तावन्न सालची गोष्ट. शाळा लोकल बोर्डाची, मास्तर एकटा. दुसरा मास्तर हवा तर पटावर चाळीस पोरं दाखवा, असं शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांनी बजावलं होतं. पोरं भरली एकोणचाळीस. तेवढ्यात मजुरीवर जगणारी भिकुबाई पटावरच्या मोठ्या पोरीला सोडायला आली, कडेवर धाकटी.

"मास्तर, मी कामले जास. घर इले कोन संभाई? मोठीसंगे बसू द्या."

तेव्हा पोरांच्या जन्माची नोंद कुणाकडं असायची? उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला की पोर सहा वर्षांचं, हे शाळेचं माप. भिकुबाईची धाकटी चारची. हात कानाच्या वर चार बोटं राहिला. मास्तरनं तिची मान हलकेच वाकवली, बोट कानाला टेकवलं, आणि रजिस्टरात लिहिलं : एक जून एक्कावन्न. शाळेत निम्मी पोरं एक जूनलाच जन्मलेली होती. फॉर्मवर भिकुबाईचा अंगठा घेतला. काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. दुसरा मास्तर मिळाला. ती पोर दुसरीतून निघाली आणि कापूस वेचायला जाऊ लागली.

सदुसष्टच्या कार्तिकात त्याच पोरीवर लोटननं बळजबरी केली. लोटन म्हणजे शेतमालक जीवरामनानांचा धाकटा भाऊ, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. गप्प बस म्हणणाऱ्या गावाचं भिकुबाईनं ऐकलं नाही, फौजदाराकडं गेली. जळगावच्या कोर्टात डॉक्टरनं हाडं पाहून वय सांगितलं चौदा ते सोळा. भिकुबाई म्हणाली, चौदा. जज्जसाहेबांनी आईचं ऐकलं. लोटनला पाच वर्षं सक्तमजुरी झाली.

नानांनी मुंबईला अपील केलं. तिथल्या वकिलाला कुणीतरी शाळेच्या रजिस्टरची आठवण करून दिली. सोळाच्या खालच्या पोरीची मर्जी कायदा विचारत नाही. सोळा पार झाली की पहिला प्रश्न तोच. रजिस्टराप्रमाणं पोर सोळा वर्षं पाच महिन्यांची. हायकोर्टानं जळगावला कळवलं, मास्तरची साक्ष घेऊन धाडा.

नाना स्वतः मास्तरच्या ओट्यावर आले. चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश.

"मास्तर, तुम्हले खोटं बोलाले कोन सांगस? दप्तर उघाडा, दखाडा, घर या."

"नाना, ती पोर..."

"पोरनं काय? अक्षर तुम्हनंच शे ना?"

नाना गेल्यावर बायको सुनंदाबाई चुलीपासून बोलली, "दीड वरीसनी नोकरी राहेल शे. खोटी नोंद करी असं सांगशात ते घर बसाडतीन. दप्तर काय बोलस तेच बोला."

मास्तर जळगावला गेला. भिकुबाई कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. त्याला पाहून तिनं पदर सावरला. मास्तर म्हणजे आपल्याच बाजूचा माणूस, असं तिच्या तोंडावर होतं.

"हे अक्षर तुमचं?" नानांच्या वकिलानं विचारलं.

"हो."

"जन्मतारीख कशावरून लिहिली?"

नोकरीच्या बत्तीस वर्षांत कुणीही हा प्रश्न विचारला की मास्तरच्या तोंडून एकच उत्तर निघायचं. तेच निघालं, "पालकांनी सांगितल्यावरून."

"हा अंगठा आईचा?"

"हो."

एवढंच. रजिस्टर खोटं ठरायच्या ऐवजी भिकुबाई खोटी ठरली, हे मास्तरला कोर्टाच्या पायऱ्या उतरताना कळलं. निकालाला चार महिने होते. त्या चार महिन्यांत तो एकदा सरकारी वकिलाच्या दारापर्यंत गेला. कारकुनानं विचारलं, काय काम? मास्तर म्हणाला, काही नाही, पाणी मिळेल का? पाणी पिऊन गाडी पकडली.

हायकोर्टानं पोर सोळा पार धरली, मर्जी नव्हती हे सिद्ध नाही म्हणून लोटनला सोडलं. निकालात लिहिलं : आईनं पूर्वी पोर सहा वर्षांची सांगितली, आता वय कमी करते. तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. नानांच्या पोरांनी हे गावभर वाचून दाखवलं. बाया भिकुबाईला पाणवठ्यावर 'चौदावाली' म्हणू लागल्या.

रविवारी दुपारी ती मास्तरच्या अंगणात आली. भांडायला नव्हे.

"मास्तर, मी तव्हय सा वरीसनी सांगेल व्हती का?" ती खाली मान घालून म्हणाली. "माले ते याद नही. पन मीच सांगं व्हई. तुम्ही थोडीच खोटं लिखशात."

शिवी दिली असती तर मास्तरनं सोसली असती.

"तुम्ही नाही सांगितलं, भिकुबाई. पट भरायचा होता. मीच लिहिलं."

भिकुबाईनं मान वर केली.

"मंग तठे काबर नही बोलनात?"

मास्तर टोपीची घडी घालू लागला.

"चला," ती उभी राहिली. "आठे माले एकलीले सांगीसन काय व्हई? नानाना वट्टावर चला. बठ्ठासमोर सांगा."

नानांच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर? मास्तर उठला नाही. "उद्या येतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी ती दारात उभी. "चला." मास्तरनं पोरांना पाढे म्हणायला लावले आणि तिच्याकडं पाठ केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पोरं तिला ओळखू लागली, हसू लागली; एक म्हणालं, "गुरुजी, तुम्हनी भिकुबाई उनी!" मास्तरनं त्याला छडीनं फोडून काढलं. बत्तीस वर्षांत असं पहिल्यांदा.

ती अकरा दिवस आली. बाराव्या दिवशी पोरीला घेऊन नरडाण्याला भावाकडं निघून गेली ती गेलीच.

मास्तरनं त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, प्रकृती. साहेबांनी चौकशी केली नाही, अर्ज मंजूर झाला.