समोरच्या घरातले बॅचलर

जुलैमधल्या एका सोमवारी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, आखातातल्या फिंतासमध्ये आमच्या इमारतीसमोरच्या दुमजली घराची वीज बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, पथकाने तोडली. घरात पंधराएक पुरुष राहत होते. सगळे कोकणातले, आणि एक-दोघे सोडले तर लग्न झालेले.

नगररचनेच्या आराखड्यात रस्त्याची ती बाजू कुटुंबांसाठी राखलेली आहे. बायको-मुलांशिवाय राहणाऱ्या परदेशी पुरुषाला तिथे घर भाड्याने देता येत नाही. अशा माणसाला इथे बॅचलर म्हणतात, गावी त्याला नातवंडं असली तरी. कुटुंब आणायला ठरावीक पगार लागतो. तेवढा त्या घरात कोणालाच नव्हता. आमची बाजू फ्लॅटांची, पण आमचा मालकही फक्त कुटुंबंच ठेवतो.

त्या घरातल्या दापोलीच्या मुसलमान शिंप्याला माझी मुलं चाचा म्हणत. आमच्या घराचे पडदे त्यानेच शिवलेले. घर कुटुंबाचं वाटावं म्हणून या मंडळींनी गच्चीवरच्या दोरीवर बायकांचे गाऊन आणि एक लाल फ्रॉक टाकला होता. गाऊन माझ्या बायकोचे जुने, फ्रॉक मुलीचा. ते संध्याकाळी काढायचे, बदलायचे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. उन्हाने फ्रॉक एका बाजूने पांढरा पडला.

मी तापामुळे घरी होतो. थोडंफार अरबी येतं म्हणून चाचाने बोलावून घेतलं. पथकातला अधिकारी गच्चीकडे बघत होता. आवाज न चढवता त्याने विचारलं, "या पोरीला दुसरा फ्रॉक नाही का?"

पोरगी आजोळी गेलीय, असं एकाने सांगितलं.

"मग हा रोज वाळत कोण घालतं?"

मागे कोणीतरी हसलं. मी भाषांतर करायच्या आत वायरमनने मीटरची पेटी उघडली होती.

रात्रीपर्यंत घर रिकामं झालं. चाचाचं इन्सुलिन आमच्या फ्रिजमध्ये आलं. पाठोपाठ बातमी आली की, त्या घराचा पत्ता सगळ्यांच्या ओळखपत्रांवरून रद्द झाला आहे. चाचाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, ऑगस्टअखेर संपत होता. नवा पत्ता नोंदल्याशिवाय तो वाढणार नव्हता. तो ज्या शिंपीकामाच्या दुकानात नोकरीला होता, त्याच्या मालकाने त्याला एवढंच सांगितलं की पत्ता आण, परवान्याच्या अर्जावर सही करतो.

चाचा शेजारच्या महबूल्यात खोली शोधत फिरला. तिथे बॅचलर राहतात, पण तपासण्या तिकडेही सुरू होत्या. इमारतींचे मालक खाटा कमी करत होते, असलेल्यांनाच काढत होते. तो आमच्या हॉलमध्ये झोपू लागला. आठवड्याभरात इमारतीच्या रखवालदाराने, हारिसने, दारात येऊन विचारलं की पाहुणा किती दिवस आहे. पुढे मालकाच्या एजंटचा फोन आला. त्याने घरभाड्याच्या करारातली अट वाचून दाखवली.

आमच्या पत्त्यावर फक्त नातेवाईक नोंदता येत होता. बायको म्हणाली, "माझा भाऊ म्हणून लिहा की."

चाचा चहा पीत होता. कप खाली ठेवत म्हणाला, "वहिनी, माजा नाव वाचलान तं तो हारिस पन हसल."

बायको हसली नाही. मी एजंटला भेटलो. शिंपी आमच्या ओळखीचा आहे, वयस्क आहे, आजारी आहे, हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि नातं विचारलं. मी शेजारी म्हणालो. शेजारी करारात बसत नाही, असं तो म्हणाला.

त्यानंतर चाचा दुकानातच झोपायचा. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनसाठी आमच्याकडे यायचा आणि लगेच निघायचा. येताना लिफ्ट टाळून जिन्याने यायचा.

ऑगस्ट संपेपर्यंत पत्ता मिळाला नाही. दुकानाच्या मालकाने परवाना वाढवला नाही, परतीचं तिकीट दिलं. मी चाचाला गाडीने विमानतळावर सोडलं. घरी पोचल्याचा त्याच्या बायकोचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला.