कडेचा केस

धायरीत मच्छिंद्र पेंटरला ओळखत नाही असा माणूस त्या काळी बाहेरगावचाच असायचा. दूध डेअरीची पाटी, खताची जाहिरात, भिंतीवरचं 'पाणी जपून वापरा', सगळं त्याच्याच कुंचल्याचं. मग फ्लेक्स आले. दोन तासांत पंधरा फुटी बोर्ड, त्यावर पुढाऱ्याचे गुलाबी गाल. मच्छिंद्रच्या डब्यांतला रंग वाळून दगड झाला.

शेचाळिसाव्या वर्षी गडी कॉम्प्युटर शिकला. क्लासातल्या पोरी हसल्या. हसू दिलं. दोन हजार तीन साली सदाशिव पेठेतल्या एका कंपनीत तीन महिन्यांच्या बोलीवर चिकटला. परदेशी दुकानांच्या मालाचे फोटो यायचे. वस्तूच्या कडेकडेनं पेन टूलनं रेघ ओढायची, मागचं सगळं उडवायचं, वस्तू तेवढी ठेवायची. ऐकायला सोपं. पण कड अशी पाहिजे की बोट फिरवलं तर रक्त यावं.

मच्छिंद्रच्या वाट्याला स्वयंपाकाच्या सुऱ्या आल्या. फोटोंचा पहिला गठ्ठा चुका काढून परत आला. दुसराही आला. त्याच्या वरची बाई पूर्णिमा, जेमतेम सत्तावीसची, पेठेतच वाढलेली. आवाज कधी चढवायची नाही, तेच वाईट.

"अहो मच्छिंद्रराव, ही सुरी आहे ना?"

"व्हय म्याडम."

"मग तिला स्वेटर कशाला घातलाय? कडेला लोकर दिसतीये."

ऑफिसातली पोरंपोरी फिदीफिदी हसली. मच्छिंद्रही हसला.

"तिसरा गठ्ठाही परत आला तर मला वर कळवावं लागेल," ती म्हणाली. "नंतर मी काही करू शकणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

नोकरी जाईल याचं भय होतंच. पण त्याखाली दुसरं एक भय दबा धरून बसलं होतं, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याचा बाप पन्नाशीत आंधळा झाला. आधी कडा गेल्या म्हणायचा. माणसाच्या कडा, ताटाच्या कडा, मग माणूस, मग ताट. म्हातारा मरेपर्यंत भिंत चाचपत परसाकडं जायचा. मच्छिंद्रला आता चार वर्षं उरली होती, असा त्याचा हिशेब.

बसमध्ये तो एक डोळा झाकून सिंहगड रोडवरच्या पाट्या वाचायचा. मग दुसरा झाकायचा. शेजारच्या बाईनं एकदा पदर सावरून जागा बदलली. घरी मैनानं ताट वाढलं की हा ताटाच्या काठावर बोट फिरवत बसायचा.

"काय वो, ताटात काय सांडलंय का?" मैना म्हणायची.

"न्हाई. ज्येव तू."

डोळ्याच्या डॉक्टरकडं जायची छाती होईना. डॉक्टर काही सांगत नाही तोवर डोळा शाबूत, असं त्यानं मनाशी धरलं होतं. माणूस भ्याला की असंच उलटं गणित मांडतो.

तिसरा गठ्ठा चाळीस सुऱ्यांचा. संध्याकाळी पाचला द्यायचा. साडेतीनला काम उरकलं, पण पाठवायचं बटण दाबवेना. चित्र मोठं करून बघितलं तर कडा धुरकट दिसायच्या, आणि त्या पडद्यावर धुरकट आहेत का डोळ्यात, हेच कळेना.

तेव्हा त्याला जुनी खोड आठवली. पाटी रंगवून झाली की पेंटर शिडीवरून उतरतो, पाठमोरा वाकतो आणि टांगांतून पाटी उलटी बघतो. सुलटं अक्षर आपण वाचतो, उलटं अक्षर आपल्याला दिसतं. ऑफिसात टांगांत मुंडी घालणं बरं नव्हे. त्यानं सुरीच उलटी केली आणि मागं काळा रंग भरला.

सुरीभोवती रेघेसारखा पांढरा केस होता. पात्याला, मुठीला, टोकाला, सगळीकडं सारख्याच जाडीचा. त्यानं दुसरी सुरी उलटी केली. तोच केस. नववी, सतरावी, चाळिसावी. तोच.

मच्छिंद्र खुर्चीत मागं रेलला. गेलेला डोळा एवढा एकसारखा चुकत नसतो. तो इथं घसरला असता, तिथं आत शिरला असता. हे डोळ्याचं काम नव्हतं, हाताचं होतं. जुन्या पाटीवर नवं अक्षर काढताना पेंटर रेघेच्या केसभर बाहेर जातो, म्हणजे खालचं जुनं अक्षर डोकावत नाही. पंचवीस वर्षं हात बाहेर गेला. इथंही तो बाहेरच जात होता, आणि सुरीबरोबर फोटोत तिच्याखाली असलेला पांढरा ओटा कापून आणत होता.

मग त्यानं एकेक रेघ आत ढकलली, केसभर, धातूवर. वळणावरचे फालतू ठिपके काढले. दर वळणाला श्वास धरायचा, कुंचला ओढताना धरायचा तसा. पाचला दोन मिनिटं असताना गठ्ठा गेला.

पूर्णिमा वीस मिनिटं एकेक सुरी मोठी करून बघत होती. त्या वीस मिनिटांत मच्छिंद्रचा शर्ट पाठीला चिकटला.

"चला," ती शेवटी म्हणाली, "स्वेटर काढलात. उन्हाळाही आलाच आहे."

नोकरी टिकली. त्या आठवड्यात तो डॉक्टरकडंही गेला. जवळचा नंबर निघाला, बाकी डोळा ठणठणीत.

वैशाखात बुद्धजयंतीच्या आधी विहाराची पाटी नव्यानं रंगवायची. ते काम दरसाली मच्छिंद्रचं. खाली मैनानं शिडी धरली. वर चष्मा लावून, श्वास धरून त्यानं जुन्या अक्षरांवर निळा कुंचला ओढला. मग उतरला, वाकला, टांगांतून बघितलं.

"जुनं दिसतंय की वो कडंला," मैना म्हणाली. "असं कवा झालं न्हवतं."

प्रत्येक अक्षराभोवती गेल्या सालचा फिका निळा केस होता. सगळीकडं सारख्याच जाडीचा.

मच्छिंद्र तसाच वाकून राहिला. हात आता केसभर आत जायला शिकला होता. इथं त्याला परत बाहेर न्यायचं, आणि सोमवारी हाच हात घेऊन सदाशिव पेठेत जायचं होतं.

"वर चढताय का सोडू शिडी?" मैना म्हणाली.

"धर," तो म्हणाला. "घट धर."