डिक्कीचं दार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आमच्या गावाहून, फोपनारहून, दोन रजया पिंजायला बुऱ्हाणपुरात नेणं. थंडीत आमच्या जुन्या गाडीच्या डिक्कीचं दार वर थांबत नाही, खाली येतं. बायको ते धरायची अन् मी सामान काढायचो. "लवकर करा हो, माझा हात आहे, खांब नाही," असं ती त्या दिवशीही बोलली. चार दिवसांनी ती गेली.

महिन्याने रजया आणायला एकटाच गेलो. पिंजाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या भुवयांवर कापूस बसलेला असायचा, बोलताना तो एका बोटाने झटकायचा. दोन्ही रजया खांद्यावर घेऊन तो गाडीपाशी आला अन् मी उघडलेलं दार त्याने डोक्यानेच वर धरलं.

"मावशी नाही आल्या?"

"वारली."

बोट भुवईवरच राहिलं. मग त्याने रजया हळूच आत ठेवल्या.

"दाराचे शॉकर ढिले झालेत, बाबा. नवे टाका, मग धरायला कोणी लागत नाही."

"नको. ते तिचं काम होतं."

"मग सकाळी गाडी उन्हात लावा. थंडीत शॉकरमधला गॅस आकसतो. रजईतल्या रुईचंबी असंच, ऊन दाखवलं की उठते."

महिनाभरात माझं इतकं बोलणं कोणाशी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उन्हात लावली, दार वर केलं अन् ती उभी राहायची तसा दाराला खालून हात लावून उभा राहिलो. ऊन चढलं, दार आपलं आपण वर थांबलं. हात मात्र मी लगेच काढला नाही.