कान नसलेला माणूस

बाई टीव्हीवर आल्या त्या एका बोकडामुळे. शहरातल्या एका जुन्या बेकरीची फरशी उखडताना खाली हाडं निघाली आणि खून झाला, खून झाला म्हणून जो तो धावत सुटला. पोलीस आले, त्यांच्या पाठोपाठ बातमीदार आले, आणि सगळ्यांच्या शेवटी खांद्याला पिशवी अडकवून, बसमधून उतरून बाई आल्या. सांगाड्यावरून माणसाची ओळख शोधणं हा त्यांचा पेशा. त्या खड्ड्यात उतरल्या, दोन हाडं उचलून पदार्थ पारखावा तशी उलटसुलट पाहिली आणि तोंडासमोर धरलेल्या कॅमेऱ्याला म्हणाल्या, "हा बोकड आहे. कोणीतरी कापला, शिजवला आणि खाल्ला. आता घरी जा, उगाच उन्हात उभे राहू नका."

संध्याकाळच्या बातम्यांत हे जसंच्या तसं दाखवलं आणि लोकांची हसून पुरेवाट झाली. त्यातच एक निर्माता होता. आठवडा उलटायच्या आत तो बाईंच्या दारात हजर झाला. बाईंनी त्याला वाटेला लावला. तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बाई त्यांच्या कामाच्या खोलीत होत्या, आणि त्या खोलीनेच बहुधा त्यांना हो म्हणायला लावलं.

ही खोली रुग्णालयाच्या तळघरात, चादरी धुण्याच्या विभागाला लागून. त्यामुळे तिथे कायम साबणाचा आणि वाफेचा वास. भिंतीला लोखंडी कपाटं, कपाटांत पुठ्ठ्याची खोकी, आणि प्रत्येक खोक्यात एक माणूस. ज्यांना नाव मिळालं ते आपापल्या घरी गेले. उरलेले बाईंच्या गळ्यात. बाईंनी त्यांना टोपणनावं ठेवली होती आणि झाडताना त्या सवयीने "सरका हो जरा" म्हणायच्या. त्या दिवशी खोक्यांकडे बघता बघता त्यांच्या मनात आलं, यांना ओळखणारं कोणीतरी या क्षणी कुठेतरी जेवत बसलं असेल, आणि समोर टीव्ही चालू असेल. मग काय, त्या तयार झाल्या. अट एकच घातली: दर कार्यक्रमाच्या शेवटी एका बेवारस माणसाचा चेहरा दाखवायचा.

घरी या प्रकरणाचा आनंद सगळ्यात जास्त कोणाला झाला असेल तर आत्याला, आणि हे नवलच. कारण आईविना वाढलेली भाची शिकून मोठी झाली ती मेलेल्यांच्या नादी लागायला, हे दुःख आत्याने वर्षानुवर्षं उगाळलं होतं. बाईंचे वडील शाळेची बस चालवायचे. पोरगी बँकेत लागेल अशी त्यांची साधी अपेक्षा. पण पोरगी गेली शरीरशास्त्र शिकायला. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी तिच्यापुढे हाडांच्या तुकड्यांची टोपली ओतली आणि म्हणाले, "यात किती माणसं आहेत सांग." ती घाईत म्हणाली, दोन. सर म्हणाले, "मग या तिसऱ्याला काय मी घरी नेऊ?" त्या अपमानाने ती जी खाली मान घालून कामाला लागली, ती पन्नाशी आली तरी वर बघायला तयार नव्हती. कामावरून घरी आली की आत्या तिला दोनदा हात धुवायला लावायची, आणि तरीही ताटलीला हात लावू द्यायची नाही.

टीव्हीने हे सगळं पालटलं. आत्या शेजारपाजारी "आमची पोरगी" म्हणून मिरवू लागली. बाईंनाही, खरं सांगायचं तर, ते काम भलतंच आवडलं. मेकअप करणारी मुलगी एकदा त्यांना म्हणाली, "माझ्याकडे बघून माझं वय सांगाल?" बाई म्हणाल्या, "सांगेन की, पण आधी तुझं मांस उतरवावं लागेल." ती पोरगी पुढे चार दिवस हा किस्सा सगळ्यांना ऐकवत होती. तीन वर्षांत बाईंच्या कार्यक्रमामुळे काही खोकी रिकामी झाली. पण जेवढी व्हायला हवी होती तेवढी नाही झाली, आणि ते का, हे काही बाईंना उमगत नव्हतं.

अशात वीटवाल्याचा प्रश्न आला. बंद पडलेल्या विटांच्या कारखान्यामागे पडक्या भिंतीच्या ढिगाऱ्याखाली हा माणूस सापडला होता. घातपात वगैरे काही नाही. भिंत पडली, हा खाली आला, आणि त्या आडबाजूला कोणाला पत्ता लागला नाही. वय तिशीच्या आतबाहेर. खिशात काही नाही. बाईंनी त्याच्या कवटीचा साचा काढला, त्यावर माती चढवून चेहरा घडवला, कार्यक्रमात दाखवला. एकही फोन आला नाही. आणि आता रुग्णालयाला तळघराची जागा हवी होती. जुनी खोकी महिनाअखेर हलवायची, क्रमांक लावून सरकारी जमिनीत पुरायची, असा हुकूम निघाला. त्यात वीटवाला पहिला. बाईंनी अर्ज केले, साहेबांपुढे घसा कोरडा केला, काही उपयोग झाला नाही. एकदा का तो क्रमांकाखाली गेला की नाव मिळायची आशा संपली, हे त्यांना ठाऊक होतं. बाईंच्या हातात उरला तो एकच कार्यक्रम.

त्या रविवारी दुपारी जुने भाग पुन्हा दाखवत होते. वडील, आत्या आणि बाई टीव्हीसमोर बसले होते. आत्या मटार सोलत होती. पडद्यावर एका म्हाताऱ्याचा चेहरा आला, मग एका तरुणाचा, मग वीटवाल्याचा.

"एक विचारू का गं?" आत्या म्हणाली. "या सगळ्यांना तू तुझ्या बाबांचे कान का लावतेस?"

वडिलांचा हात आपोआप कानाकडे गेला. लांब पाळी, वरची कड जराशी बाहेर दुमडलेली. बाईंनी वडिलांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा वडिलांकडे पाहिलं.

"हे कान आमच्या घराण्याचे," आत्या म्हणाली. "त्या बिचाऱ्यांचा काय संबंध?"

"मला विचारायचं तरी होतंस," वडील म्हणाले.

बाईंना हसू आवरेना. उठून त्यांनी आजवर घडवलेल्या चेहऱ्यांची होती नव्हती तेवढी छायाचित्रं काढली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. बाप्ये काय, बाया काय, सगळी एका बापाची लेकरं! कानात हाड नसतं. तो सगळा मऊ कूर्चेचा मामला. मातीत गेला की काही उरत नाही. कान कसे होते हे कवटी कधीच सांगत नाही. बाकीच्या चेहऱ्यासाठी बाई केसाएवढ्या फरकावरून स्वतःशी भांडायच्या, पण कानांची वेळ आली की डोकं दमलेलं असायचं आणि हात आपले आपण कान करून मोकळे व्हायचे. आणि लहानपणापासून बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्या हातांच्या मालकिणीने पाहिलं होतं काय? तर एका माणसाचे कान.

हसता हसता बाई थांबल्या. किती आयांनी पडद्याकडे पाहून म्हटलं असेल, नाही बाई, हा आपला नव्हे? इतकी लाज बाईंना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी त्यांनी माती कापायची तार घेऊन वीटवाल्याचे दोन्ही कान साफ उतरवले आणि निर्मात्याला बोलावलं. तो बघतच राहिला.

"बिनकानाचा माणूस? बाई, लोक जेवत असतात!"

"जेवू देत."

"केसांनी झाकू या."

"त्याचे केस कसे होते मला माहीत नाही."

"मग टोपी?"

"कोणाची, तुमची?" बाई म्हणाल्या. "अहो, मला जे माहीत नाही ते मी आता दाखवणार नाही. पटत नसेल तर दुसरं कोणीतरी बघा."

बाई सोडून जातील असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. निर्मात्याने हात टेकले.

त्या आठवड्यात कॅमेऱ्यासमोर बाईंनी सगळं सांगून टाकलं. आजवर लावलेले सगळे कान माझ्या वडिलांचे होते, म्हणाल्या, तुमची माफी मागते, आणि त्यांचीही. "आता याच्या चेहऱ्याकडे फार बघू नका. त्यातलं बरंचसं अंदाजाचं आहे. मला पक्कं काय माहीत आहे ते ऐका." आणि त्यांनी एक हाड हातात घेतलं. हासळीचं, गळ्याखालून खांद्याकडे जातं ते. "हे याच्या पोरवयात मोडलं होतं. तेरा-चौदा वर्षांचा असेल. आणि कोणीतरी त्याचा हात गळ्यात बांधून ठेवला होता. नुसता बांधला नव्हता, हलू दिला नव्हता. या मुलाला जपणारं कोणीतरी होतं. तुम्ही ऐकत असाल तर मला फोन करा."

दुसऱ्या दिवसापासून गावभर थट्टा. एका वर्तमानपत्राने बाईंच्या हातात कात्री देऊन व्यंगचित्र छापलं. वडील फिरायला गेले की अनोळखी माणसं त्यांचे कान बघायला थांबायची, आणि वडीलही मान वळवून दोन्ही बाजू दाखवायचे. फोन खूप आले, त्यातले बहुतेक टवाळांचे. एक मात्र तसा नव्हता.

फोन करणारी साठीला टेकलेली होती, दूरच्या गावाहून आलेली. तिच्या गालाच्या आतून कापसाने नमुना घेतला, तपासणीला गेला, आणि महिना संपायच्या आत उत्तर आलं. जुळलं होतं. वीटवाला तिचा धाकटा भाऊ. पुरायच्या यादीतून त्याचा क्रमांक बाईंनी स्वतःच्या हाताने खोडला, आणि बहिणीला तळघरात बोलावून घेतलं.

बहिणीने मातीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रागावू नका हं," ती म्हणाली, "पण हा त्याच्यासारखा मुळीच दिसत नाही."

"नाही?"

"कुठेच नाही. नातवंडं खिदळत होती, आजी बघ, कान नसलेला माणूस, म्हणून मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. चेहरा ओळखलाच नसता मी. पण तुम्ही ते हाडाचं सांगितलंत आणि मी मटकन खालीच बसले."

बाईंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली, स्वतः शेजारी स्टुलावर बसल्या. शेजारच्या विभागातली यंत्रं घरघरत होती.

"मीच त्याला झाडावर चढवलं होतं," बहीण सांगू लागली. "फळं मला हवी होती. वडील फार तापट. त्यांना कळलं असतं तर दोघांनाही फोडून काढलं असतं. म्हणून चादरीची पट्टी फाडून मीच बांधला त्याचा हात. खेळताना मुरगळला म्हणून सांगितलं. मला काय कळत होतं हो? सोळा वर्षांची होते. पुढे तिशीच्या सुमारास तो कामाला म्हणून गेला तो गेलाच. विसरला म्हणा, नाहीतर माझा राग धरून बसला म्हणा, असंच समजत आले मी."

"विसरला नव्हता," बाई म्हणाल्या. "हाडंही तिशीचंच वय सांगतात, म्हणजे भिंत पडली ती कामाला लागल्यावर लगेचच. परत यायला त्याला वेळच मिळाला नाही."

बहिणीने मान हलवली. मग तिने विचारलं, आणि हे विचारायलाच ती आली होती हे बाईंना तिच्या आवाजावरून कळलं, "बाई, मला खरं सांगा. मी नीट बांधलं होतं का? त्याला पुढे त्रास झाला असेल का त्याचा? ओझी उचलायचं काम होतं त्याचं."

बाईंनी खोकं उघडलं. हासळी काढून पांढऱ्या कापडावर ठेवली, बहिणीचं बोट हातात धरलं आणि हाडावरून हळूच फिरवलं.

"इथे मोडलं होतं. जरा जाड लागतंय ना? बस, तेवढंच. एक रेघही वाकडी नाही. दवाखान्यात नेलं असतं तरी याहून नीट जुळलं नसतं. याचा त्रास त्याला कधीच झाला नाही."

बाईंना आपल्या पेशाचा इतका आनंद याआधी झाला नव्हता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. बहीण त्या जाड जागेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली. ती रडली, खूप रडली, आणि मग नाक पुसता पुसता हसली.

"हात हलवू नकोस म्हणून सांगितलं होतं मी त्याला," ती म्हणाली. "आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं त्याने माझं."