सोडवून आणलेली शिंगटी

लग्न होऊन मी जालन्यात आले तेव्हा निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. माझं सासर जैन, मूळचं राजस्थानातलं, धंदा सरकीचा. सासूबाई दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. चुलीत लाकूड सारण्याआधी ते आपटून बघत, मुंगी असली तर निघून जावी म्हणून.

त्या पौषात सासूबाई, माझे यजमान आणि मी एका लग्नाहून परतताना शहागडला थांबलो. गोदावरीच्या काठावर एक भोई पाटीत मासे घेऊन बसला होता. बाकीचे मेलेले, एकच शिंगटी जिवंत. वीतभर लांब, अंगावर खवलं नाहीत, तोंडाला मिशा, आणि डोकं हाडाची टोपी घातल्यासारखं टणक. भोयानं पाणी शिंपडलं की ती कल्ल्यामागचे काटे हलवून कुर्र कुर्र आवाज करायची. तान्ह्या लेकराच्या घशात कफ अडकावा तसा तो आवाज. सासूबाई जागीच थबकल्या आणि त्यांनी ती विकत मागितली. नदीत सोडायला घेताहेत हे कळल्यावर भोयानं सरळ सांगितलं, की पाणी आटलंय, इथं सोडली तर संध्याकाळी परत माझ्याच जाळ्यात येईल. मग सासूबाईंनी तिला पितळी घागरीत घातलं आणि आम्ही मालाच्या ट्रकमधून ती घागर मांडीत धरून जालन्याला आलो.

यजमान हैदराबादला प्राणिशास्त्र शिकून आले होते. दुकानात त्यांचा जीव रमत नव्हता. या कामात रमला. पत्र्याच्या चौकटीत काचा बसवून त्यांनी एक लांबट पेटी करवून घेतली. तळाला नदीची वाळू, गोटे, आणि दडायला फुटका माठ. ही वाहत्या पाण्यातली, साचल्या पाण्यात गुदमरेल, म्हणून पेटीवर भोक पाडलेला डबा टांगला आणि त्यातून दिवसभर धार पडेल असं केलं. शिंगटी उजेड असेतो माठात पडून राही. दिवेलागणीला बाहेर येई आणि मिशांनी वाळू चाचपत फिरे. तिला चव मिशांनीच कळते, असं यजमान सांगत.

पण ती काही खात नव्हती. सासूबाई कणकेच्या गोळ्या टाकत, भिजवलेली डाळ टाकत. ती मिशी लावून बघे आणि पुढं जाई. फाल्गुनापर्यंत अंग वाळून डोकंच मोठं दिसायला लागलं. यजमान एकदा जेवताना म्हणाले, "माँ, हिला किडे लागतात. न्हाई दिले तर मरंल."

एक जीव वाचवायला दुसरे मारायचे का, असं म्हणून सासूबाई पानावरून उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोरीत भांडी घासत होते. त्या मागं येऊन उभ्या राहिल्या, तोंड भिंतीकडं केलेलं. "बिंदणी," सुनेला त्या अशीच हाक मारत, "मी सांगून न्हाई राह्यले. पन मोरीच्या भायेर ओल हाय, तिथं असतील. तू बघ."

मी खुरप्यानं माती उकरली. दोन गांडुळं निघाली. ती बोटांभोवती वळवळत होती. डोळे मिटून मी ती पाण्यात टाकली. शिंगटी माठातून अशी झेपावली, की पाणी काचेवर उडालं. इतक्या दिवसांनी तिनं खाल्लं म्हणून मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच लाज वाटली. माझ्या माहेरीही कुणी पाऊल न बघता टाकत नसे.

त्यानंतर ते रोजचंच झालं. मी खुरपं उचललं की सासूबाई माळ घेऊन माळवदावर जात. त्यांनी आधी गूळ सोडला, मग तूप सोडलं. का, ते कुणी विचारलं नाही. यजमान मात्र पेटीपाशी बसणं कमी करून दुकानात जास्त वेळ थांबू लागले.

आषाढात शिंगटीचं पोट फुगलं. मला वाटलं, खाऊन. यजमानांनी निरखून सांगितलं, की अंडी आहेत. नदीला पूर आला की या शिंगट्या काठच्या उथळ पाण्यात चढतात आणि तिथं अंडी घालतात. इथं पूर कुठून आणायचा? तोवर ती दिवसाही बाहेर यायला लागली होती. काचेला धडका देऊन तिचं तोंड सोललं होतं. सासूबाई कितीतरी महिन्यांनी पेटीसमोर बसल्या.

"मी हिला सोडवलं का कोंडलं रे?" त्यांनी मुलाला विचारलं. यजमानांनी उठून पितळी घागर काढली.

चातुर्मासात प्रवास नको म्हणणाऱ्या सासूबाई स्वतः घागर घेऊन शहागडला आल्या. गोदावरी तांबडी, दुथडी भरलेली. पाणी शेतात शिरलं होतं तिथं यजमानांनी घागर कलती केली. शिंगटी जरा वेळ सासूबाईंच्या पायांजवळ गढूळ पाण्यात थांबली, मग दिसेनाशी झाली. काठावर तोच भोई जाळं सोडवत बसला होता. चार दिवस या बाजूला जाळं टाकू नका, असं सासूबाईंनी हात जोडून त्याला विनवलं.

"माय, जाळं न्हाई टाकलं तर लेकरांनी खावं काय?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात जराही राग नव्हता.

"बराबर हाय," सासूबाई म्हणाल्या.

भाद्रपदात संवत्सरी आली. त्या दिवशी वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागायची असते. रीत अशी, की धाकट्यांनी आधी मोठ्यांपुढं वाकायचं. मी पदर सावरून वाकणार तोच सासूबाईंनी माझे दोन्ही हात धरले.

"गांडुळं तू काढली, पन पाप माझं हाय. माझ्या तोंडानं सांगायचं धाडस न्हाई झालं, म्हणून तुझ्या हातानं करवलं. मला माफ कर, बेटी."

शिंगटीनं खाल्लं तेव्हा मला आनंद झाला होता, हे त्यांना सांगावंसं वाटलं; जमलं नाही. मी "मिच्छामि दुक्कडं" म्हटलं, त्यांनीही म्हटलं. माझे हात त्यांनी लवकर सोडले नाहीत. ओसरीवर क्षमा मागायला आलेल्या शेजारणी ताटकळत उभ्या होत्या, आणि आम्हा दोघींपैकी कुणालाच बाहेर जाववत नव्हतं.