जर्मनच्या पातेल्यातला डाग

शकू गेल्याचा निरोप घेऊन पुतण्या आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, "माझ्याआधी?" धाकटी जाऊ माझी. प्रत्येक गोष्टीत माझ्यापुढं जायची खोडच होती तिला...

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीतल्या विहारात वंदना झाली की ग्रंथवाचन मी करायची. घरात सातवी शिकलेली मी एकटीच, आणि वाचायला बसायच्या त्या आसनाचा मला तोरा होता. त्या वैशाख पौर्णिमेला वाचलेला भागही लक्षात आहे: आपल्या कर्माचे धनी आपणच, तो मळ दुसऱ्याच्या अंगाला पुसता येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तासाभरात विहाराच्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात खीर करपली! मग कुणी दूधवाल्याला बोल लावला, कुणी पातेल्याला. लाकडं ओली होती, हे मी सांगितलं. आणि ती होतीच ओली. एवढ्यात शकू पदर खोचून पुढं आली.

"ढवळायला मी बसले होते, ताई. बोलण्यात लक्ष गेलं माझं. लाकडांना कशाला नावं ठेवायची?"

झालं! चूक तिची आणि कौतुकही तिचंच. निफाडकडच्या आमच्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "थोरली लय चांगलं वाचती, पण कळलं धाकटीला हाय." पातेलं घासायला चार बायका तिच्या मदतीला धावल्या. पुढच्या रविवारपासून आसनावर ती. अडखळत वाचायची, तरी लोक डोळे पुसायचे, आणि मी मागं बसून जळायची. घरातही तेच. भाजी खारट होवो की मुलगा नापास होवो, "माझंच चुकलं" म्हणून ती मोकळी व्हायची आणि रात्री गाढ झोपायची. त्या झोपेचासुद्धा मला हेवा वाटायचा.

परवा तिच्याविना पहिली वैशाख पौर्णिमा झाली. खिरीपाशी मी होते, पण कान आत लागलेले: आता तिच्या आसनावर कुणाला बसवतात? आतून तिच्याच सुनेचं नाव ऐकू आलं आणि माझा हात थांबला. वास आला तेव्हा उशीर झाला होता. बायका जमल्या. लाकडं याही वेळी ओलीच होती...

"ढवळायला मी होते," मी म्हणाले. "लक्ष नव्हतं माझं."

"असू द्या, आता वय झालं तुमचं," एक जण म्हणाली, आणि सगळ्या वाचन ऐकायला आत गेल्या. कौतुक नाही, काही नाही. तेवढंही शकू बरोबर घेऊन गेली.

मी एकटीच पातेलं घासायला बसले. तळाशी तिच्या वेळचा काळा डाग अजून आहे. तो तेवढा सोडून बाकीचं घासलं.