खाली आलेला काटा

चष्मेवाले काका रोज सकाळी दुकान उघडण्याआधी गाडीचं बॉनेट उघडत. गाडी तेवीस वर्षांची. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढायचं, वाकून पाण्याची पातळी बघायची, मग रबरी पाइप अंगठ्याने दाबायचे. कुठे फुगलेला, पिचपिचीत लागला की त्या पाइपाचे दिवस भरले. नळाचं पाणी त्यांनी कधी घातलं नाही. त्याने आत क्षार धरतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, आणि दर दोन वर्षांनी सगळं काढून नवं.

काकू म्हणायच्या, गाडीला ताप आला तर हे अर्धा दिवस तिच्या उशाशी उभे राहतील. मला ताप आला तर गोळ्या कुठे आहेत ते मलाच विचारतात. काका हसायचे आणि चहा मागायचे.

मी साहित्यात एम.ए. करून घरी बसलो होतो. चष्म्याची काडी तुटली म्हणून त्यांच्या दुकानात गेलो आणि तिथेच रुळलो. वयात चाळीस वर्षांचं अंतर, तरी मैत्री जमली. दर गुरुवारी ते दुकान बंद ठेवून डोंगरावरच्या दोन शाळांत मुलांचे डोळे तपासायला जात. मी अक्षरांचा तक्ता धरून उभा राहायचो.

"एवढं शिकलास आणि शेवटी मुळाक्षरांवर आलास," ते म्हणायचे.

बस खालच्या शाळेपर्यंतच जाते. वरची शाळा त्यापुढे नऊ किलोमीटर, सगळा चढ. तिथे ही गाडी जायची. दुसरी घेणं त्यांना या जन्मात जमणार नव्हतं, असं ते स्वतःच सांगत.

त्या आठवड्यात रेडिएटरचा खालचा पाइप त्यांच्या अंगठ्याला मऊ लागला. त्यांनी नवा आणला, रविवारी बसवू म्हणून मागच्या सीटवर ठेवला. बुधवारी त्यांनाच ताप भरला. वरच्या शाळेतल्या मुलांचे अकरा चष्मे तयार होते. मी म्हणालो, मी देऊन येतो. त्यांनी किल्ली दिली. निघण्याआधी पाणी बघ, पाइपाला हात लावून बघ, तापमानाचा काटा लालकडे गेला तर तिथेच थांब, एवढं त्यांनी पडल्या पडल्या सांगितलं. मी हो हो म्हणालो.

गुरुवारी मला उठायला उशीर झाला. बॉनेट मी उघडलं नाही.

चढाच्या मध्यावर काटा वर सरकू लागला. लालला टेकला. मी गाडी बाजूला घेणारच होतो, तेवढ्यात तो खाली आला. अगदी तळाला जाऊन बसला. मला हायसं वाटलं. इंजिन गार झालं, असं मी समजलो. तसाच तीन किलोमीटर गेलो. मग ठोके ऐकू आले, जळक्या रबराचा वास आला आणि गाडी थांबली. पुन्हा सुरू झाली नाही.

उरलेलं अंतर चालत जाऊन मी चष्मे दिले. एका मुलीने लगेच लावला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या बाईंनी विचारलं, पुढच्या गुरुवारी याल ना. मी मान हलवली.

गाडी ओढून आणली. गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं. खालचा पाइप फाटून पाणी सगळं गेलेलं, हेड वाकडं झालेलं, पिस्टन अडकलेले. या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत, म्हणाला. काका शाल पांघरून स्टुलावर बसले होते. गॅरेजवाल्याने मला विचारलं, काटा वर गेला नव्हता का?

"नाही," मी म्हणालो.

काका म्हणाले, "काटाच बिघडला असेल. आणि पाइप आणून सीटवर ठेवणारा मीच. त्याला काय बोलायचं?"

पुढे आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत होते. माझा आळस नडला, म्हणायचे. आयुष्यात त्यांनी एक दिवस आळस केला नव्हता. मी शेजारी बसून काचा पुसत होतो.

भंगारवाला गाडी न्यायला आला तेव्हा काकांनी मागच्या सीटवरून लेन्सची जुनी पेटी काढली. मग नवा पाइप काढला, पाकिटासकट. तो हातात घेऊन ते उभे राहिले. मला ते बघवेना.

"काका, काटा वर गेला होता. लालपर्यंत. मग खाली आला, म्हणून मी थांबलो नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे तपासताना बघतात तसे, जवळून.

"खाली आला म्हणजे पाणी संपलं होतं," ते हळू म्हणाले. "पाणीच नसलं की तो काय मोजणार? पडतो खाली." त्यांनी पाइप पेटीवर ठेवला. "हे मी तुला कधी सांगितलंच नाही. चूक माझीच."

मी पेटी उचलली.

आता गुरुवारी आम्ही बसने जातो. पेटी त्यांच्या मांडीवर, तक्ता माझ्या. खालच्या शाळेपाशी उतरतो. तिथून वरचा रस्ता दिसतो. काका तिकडे एकदा बघतात आणि आत जातात.

त्या सकाळी बॉनेट उघडलं होतंस का, हे त्यांनी विचारलेलं नाही. अजूनही नाही. मी वाट बघतो आहे.